घरच्यासारखं वागवलं, तरी मावशी काम सोडून का गेल्या?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधलं घर, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, एक मुलगी. मावशी 11 वर्षं यायच्या, भांडी, केरफरशी आणि मशीनमधले कपडे वाळत घालणं, महिना 4,500. त्यांनी 6,000 मागितले, ह्यांनी 5,000 म्हणलं, मावशी "बघते" म्हणाल्या आणि दोन दिवसांनी शेजारच्या बिल्डिंगमध्ये कामाला लागल्या. ताईंचं म्हणणं, आम्ही त्यांना घरच्यासारखं वागवलं, त्यांच्या मुलीची दहावीची फी भरली, डेंग्यू झाला तेव्हा औषधं आणून दिली, दर दिवाळीला साडी, आणि शेवटी हजार रुपयांसाठी पाठ फिरवली, ह्या लोकांना कितीही करा कमीच, तर आमचं चुकलं कुठं?

मी 22 वर्षं पुण्यात मोलकरणींच्या संघटनेचं काम करतीये, आणि त्याआधी नोकरी करत होते तेव्हा माझ्याही घरी बाई होत्याच, म्हणजे खाडे मांडणं काय असतं ते मी पण केलंय. तर ताई, राग येईल पण सरळच सांगते, चुकलं ते "घरच्यासारखं" ह्या शब्दातच.

घरच्या कधी आणि कामवाल्या कधी, हे कोण ठरवतं? तुम्ही. डेंग्यू झाला तेव्हा त्या घरच्या होत्या. पगाराचा विषय निघाला तेव्हा तुम्ही दोन मैत्रिणींना फोन करून रेट काय चाललाय ते विचारलंत, म्हणजे तेव्हा कामवाल्या. मुलीच्या वाढदिवसाला वीस माणसांची भांडी पडली की परत घरच्या, कारण घरचं माणूस जास्तीचे पैसे मागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं म्हणून त्या आल्या नाहीत की खाडा. घरातल्या माणसाचा खाडा कोणी मांडतं का हो? सत्ता म्हणलं की लोकांना ओरडणं, हात उचलणं, डांबून ठेवणं आठवतं, तेही घडतं, पण बहुतेक घरांत सत्ता एवढीच असते की नातं कधी लावायचं आणि नोकरी कधी लावायची हे एकाच बाजूला ठरतं. बाकी सगळं त्यातून येतं.

एक गोष्ट सांगते. आपल्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, त्यात एकादशी, चतुर्थी, दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, आणि बाईंच्या खाड्याची फुली. एक तारखेला हिशोब होतो तेव्हा ताई म्हणते पाच खाडे, बाई म्हणते चार. भिंत ताईची, कॅलेंडर ताईचं, पेन ताईच्या हातात, आता कोण जिंकणार सांगा. आमच्या एका वस्तीत एक आजी होत्या, सहीच्या जागी अंगठा, त्यांनी वाण्याकडून फुकटचं कॅलेंडर मागून आणलं आणि पत्र्याच्या भिंतीला लावलं. घरं तीन, म्हणून टिकल्यांची तीन पाकिटं. मरून टिकली म्हणजे डॉक्टरीणबाई, हिरवी म्हणजे बँकवाले, काळी म्हणजे वरच्या मजल्यावरचे. ज्या घरी खाडा झाला त्या रंगाची टिकली त्या तारखेच्या चौकोनात चिकटवायची, झालं. पहिल्या महिन्यात त्या कॅलेंडरची गुंडाळी करून पिशवीत घालून हिशोबाला गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" आजी म्हणाल्या, "हाय की, पर माझ्या टिकल्यांवर बी हाय." मग दोन्ही कॅलेंडरं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून मोजलं, तर खाडे चारच निघाले. पाचव्या फुलीच्या दिवशी डॉक्टरीणबाईच गावाला गेल्या होत्या, दाराला कुलूप होतं. म्हणजे बाई आली, कुलूप बघून परत गेली, आणि खाडा तिच्या नावावर. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, मी ओळखते त्यांना, त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं की तो दिवस बाईने नाही तर त्यांनी बुडवलाय.

आपली भाषा पण बघा. पेपर लावला, दूध लावलं, बाई लावली. पन्नाशीच्या बाईला दहा वर्षांचं पोरगं "ए अगं, माझा डबा कुठंय" म्हणतं आणि घरात कोणाला खटकत नाही, तेच पोरगं खालच्या वॉचमन काकांना अहो-जाहो करतं. आणि तुम्ही लिहिलेलं "ह्या लोकांना". 11 वर्षं एक बाई तुमच्या घरात येत होती, त्यांना मूळव्याध आहे का शुगर आहे हे पण तुम्हाला माहिती असेल, आणि हजार रुपयांवरून त्या एका क्षणात "हे लोक" झाल्या. हे तुम्हाला टोचायला म्हणत नाही, माझ्या आईच्या तोंडी पण हेच असायचं.

आता पैशाचं बघू, कारण खरा मुद्दा तिथंच आहे. तुमच्याकडे भांडी, केरफरशी, कपडे मिळून रोजचे दोन तास तरी धरा. महिन्याला 28 दिवस म्हणजे 56 तास. 4,500 भागिले 56, तासाला साधारण 80 रुपये. ह्यात एका घरून दुसऱ्या घरी चालत जायचा वेळ नाही, लिफ्ट बंद असेल तर चार मजले नाहीत, तुम्ही उशिरा उठलात म्हणून दारात थांबलेली पंधरा मिनिटं नाहीत. त्यांनी मागितले 6,000, म्हणजे तासाला 107. तुम्ही गेल्या 11 वर्षांत किती वेळा वाढ दिलीत ते लिहिलं नाहीये, पण माझा अनुभव असा की दर वर्षी न मागता वाढ देणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकी ठिकाणी बाईने मागायचं, मागताना तोंड पाडायचं, कारण द्यायचं, पोरीचं लग्न, घराचं भाडं, गॅस महाग झाला. तुम्हाला ऑफिसात इन्क्रिमेंट मागताना सांगावं लागतं का घरी गॅस संपलाय म्हणून? नाही ना, मग बाईला गरिबी का दाखवावी लागते? कारण ते कामाचे पैसे आहेत असं कोणी मानतच नाही, ती मदत आहे असं मानतात.

आणि मदत म्हणलं की फी येते मध्ये. तुम्ही फी भरलीत, चांगलंच केलंत, खरंच. पण पगाराची बोलणी चालू असताना फीची आठवण निघाली ना? मला खात्री आहे निघाली असणार, कारण प्रश्नात पण निघालीच आहे. त्या क्षणी ती मदत उरली नाही, उधारी झाली, आणि मावशींच्या लक्षात आलं की ह्या उधारीला कागद नाही, व्याज किती ते माहिती नाही आणि फेडून संपणार पण नाही. बायका मला सांगतात, "ताई, उचल घेतलेली परवडली, ती कटते तरी."

हे सगळं लिहिताना मी पण "ताई"लाच बोलतीये बघा, साहेब कुठंच नाहीत. हा दुसरा मुद्दा, आणि मला विचाराल तर मोठा. बाईशी बोलणं, रेट ठरवणं, खाडे मांडणं, भांडणं, नवीन बाई शोधणं हे सगळं घरातल्या बाईकडे. साहेब पेपर वाचत म्हणतात, "द्या ना हजार रुपये, कशाला किटकिट," आणि मोठ्या मनाचे ठरतात, किंवा "ह्या बायकांचं भांडण, आपण नाही पडत." मग लोक म्हणायला मोकळे की बाईच बाईची शत्रू. अहो, भांडी दोघींच्याच वाटणीला ठेवलीत तर भांडणार पण दोघीच. मी कितीतरी घरांत ऐकलंय, सून नोकरीला लागते तेव्हा सासूबाई हिशोब मांडतात, तुझा पगार एवढा, त्यातून बाईचे एवढे, पाळणाघराचे एवढे, हातात राहतं काय. बाईचा पगार सुनेच्या पगारातून वजा होतो, मुलाच्या पगारातून कधी होत नाही, जशी काही भांडी सुनेचीच होती आणि तिने ती दुसरीला विकत करायला दिली. त्यामुळे हजार रुपये वाढ म्हणजे सुनेला स्वतःच्या खिशाला चाट वाटते आणि ती घासाघीस करते. आणि मावशी संध्याकाळी घरी जाऊन परत भांडी घासतात, तिथं तर बिनपगारीच.

जातीचं न बोलून चालणार नाही, पण ह्यावर मी थोडक्यातच लिहिते कारण सगळ्यांना माहिती आहे आणि सगळे नाही म्हणतात. स्वयंपाकाच्या काकू कोणत्या आडनावाच्या चालतात आणि संडास-बाथरूमला कोण चालतं, हे अजूनही फोनवर आडून आडून विचारलं जातं, "कुठल्या गावच्या तुम्ही? पूर्ण नाव काय?" चहाचा कप वेगळा असतो, तो बहुतेक कानतुटका असतो आणि खिडकीत नाहीतर बेसिनखाली पालथा घातलेला असतो. बाई सगळ्या घराचे कप घासते, पण तिने घासलेल्या कपातून तिने प्यायचं नाही. नवीन टॉवर झाले तिथं कपाची जागा लिफ्टने घेतली. सर्व्हिस लिफ्टच्या पाट्या लावतात, कामवाल्या, डिलिव्हरीवाले आणि कुत्री एकत्र. बागेतल्या बाकावर बसू नका असं दोन घरांच्या मधल्या अर्ध्या तासात सांगतात. मग बसायचं कुठं, तर जिन्यात. आणि गेटच्या ॲपवर बाईंना स्टार देता येतात, बाईंना मात्र घराला स्टार देता येत नाहीत. आमच्या बायका ते तोंडी देतात म्हणा, कोणत्या फ्लॅटमध्ये शिळं देतात आणि कोणत्या फ्लॅटमध्ये आजोबांची नजर चांगली नाही हे सगळ्या बिल्डिंगच्या बायकांना माहिती असतं.

नजरेचं निघालं म्हणून, 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घरकामगार बाई पण येते. ऑफिसात तक्रारीसाठी कमिटी असते, घरात कुठली असणार, म्हणून तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. कागदावर आहे. मी इतक्या वर्षांत तिथपर्यंत बायका किती नेल्या ते एका हाताच्या बोटांत मावतं, कारण तक्रार केली की ते काम तर जातंच आणि त्या बिल्डिंगमधली बाकीची पण जातात.

चोरीचा आळ आला की मात्र सगळी यंत्रणा धावत येते. हे बऱ्याच जणांना माहिती नसतं, पण आपल्या कायद्यात साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला 7 वर्षांपर्यंत. इंग्रजांच्या 1860 च्या दंड संहितेत असं होतं आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली तिच्यात पण नोकराच्या चोरीच्या कलमाचा नंबर तेवढा बदलला. आता मालकाने नोकराचा पगार बुडवला तर ती चोरी नाही, तो "व्यवहार". एका बाईला मी चौकीतून आणलं होतं, अंगठी हरवली म्हणून संध्याकाळी बोलावून बसवलेलं. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही आणि नुसती चौकशी करायची असेल तर तिच्या घरी जाऊन करायची असते, एवढं बोलले तेव्हा हवालदार म्हणाले, मॅडम अटक कुठं केलीये, बसवलंय. अंगठी चौथ्या दिवशी कणकेच्या डब्यात सापडली. मालकीणबाईंचा फोन आला, सॉरी म्हणाल्या, पण मला, बाईला नाही. तिला निरोप काय तर, उद्यापासून ये म्हणावं.

थोडा इतिहास सांगते, कारण लोकांना वाटतं मोलकरणी कायमच्याच होत्या. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या जुन्या बायकांना विचारा, कित्येक घरं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. मुंबईत 1982 चा गिरणी संप झाला, घरातल्या माणसाचा पगार बंद पडला आणि ज्या बायका कधी चाळीबाहेर कामाला गेल्या नव्हत्या त्या दादर-परळच्या घरांत भांड्याला गेल्या. म्हणजे शेती बुडाली, गिरणी बुडाली, त्याचा भार शेवटी ह्या बायकांच्या मनगटावर आला. आणि त्या गप्प बसल्या असंही नाही. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता, सुट्टी आणि पगारवाढीसाठी रस्त्यावर आल्या होत्या, तिथूनच इथली संघटना उभी राहिली. दिवाळीला एक पगार बोनस हे आज पुण्यात बऱ्याच घरांत रीत म्हणून दिलं जातं, ती रीत आपोआप नाही पडली, भांडून पडली. साडी म्हणजे बोनस नाही हो ताई. 1965 च्या बोनस कायद्यात कमीत कमी बोनस 8.33 टक्के होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली तिच्यात पण तेवढाच आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे बरोबर एक पगार. तो कायदा घराला लागू नाही, पण आकडा तिथलाच.

कायदा घराला लागू नाही, हेच सगळीकडचं रडगाणं. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी होते, वय 18 ते 60, काही योजना आहेत, 55 वर्षं पूर्ण झालेल्यांना सन्मान धन म्हणून 10,000 रुपये मिळतात. पण आपल्याच राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे, त्यात मालकाला हमालीवर लेव्ही, म्हणजे ठरलेली जास्तीची रक्कम, भरावी लागते आणि त्यातून हमालाचा फंड, सुट्टीचे पैसे, औषधपाणी होतं. मोलकरणींच्या मंडळात मालकाने एक रुपया भरायची सक्ती नाही. हमालाचा मालक व्यापारी होता, त्याच्यावर लेव्ही लावता आली, मोलकरणीचा मालक म्हणजे तुम्ही-आम्ही, आमदार, सेक्रेटरी, जज, पत्रकार आणि संघटनेच्या कार्यकर्त्या पण, मग कोण लावणार? जागतिक कामगार संघटनेचा घरकामगारांचा करार 2011 चा, नंबर 189, भारताने तिथं बाजूने मत दिलं आणि इथं अजून मान्यता दिलेली नाही. 29 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा. म्हणजे 2025 साली पण अजून विचारच चालू होता.

आमच्या बायका सगळ्या गाईसारख्या असं मी म्हणणार नाही. न सांगता दांड्या मारतात, फोन बंद ठेवतात, उचल घेऊन दुसऱ्या महिन्यात गायब झालेल्या पण आहेत, आणि मीटिंगमध्ये मी ह्यावर चिडते. पण न सांगता का, हे विचारलं की उत्तर येतं, सांगितलं तर नाहीच म्हणतात. सुट्टी मागून मिळत नसेल तर माणूस ती घेतो. तुमच्या मावशींनी पण तेच केलं, "बघते" म्हणाल्या. 11 वर्षांनी तोंडावर नाही म्हणायची हिंमत झाली नाही, किंवा म्हणावंसं वाटलं नाही, कारण त्यांना माहिती होतं की मग फी निघेल.

आता तुम्ही करायचं काय. नवीन बाई येतील तेव्हा पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा, कामं कोणती, किती माणसांची, पाहुणे आले तर जास्तीचे किती, महिन्याला चार सुट्ट्या पगारी, तुम्ही गावाला गेलात तर पगार चालू, दिवाळीला एक पगार, दर वर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, काम सोडायचं किंवा सोडवायचं तर दोन्हीकडून एक महिना आधी सांगायचं. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. आणि हे बोलताना साहेबांना शेजारी बसवा, खाडे पण त्यांनाच मांडू द्या सहा महिने. फी भरायची असेल तर जरूर भरा, पण पगाराच्या दिवशी तिचं नाव काढू नका. मंडळाच्या नोंदणीला मालकाचा दाखला लागतो, त्यावर सही करा. सही केली की उद्या घरावर हक्क सांगेल, असं सोसायटीत कोणीतरी नक्की सांगेल, तसं काही होत नाही, मी शेकडो फॉर्म भरलेत.

आणि जुन्या मावशींचा हिशोब अजून राहिलाय. कंपनीत कोणी 11 वर्षं काम करून गेलं असतं तर कायद्याने ग्रॅच्युइटी मिळाली असती, दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. 4,500 भागिले 26 गुणिले 15 गुणिले 11, म्हणजे 28,557. कायद्याने तुमच्यावर बंधन नाही. पण मला विचारलंत म्हणून सांगते, त्यांना फोन करा आणि ही रक्कम द्या, दोन-तीन हप्त्यांत दिलीत तरी चालेल. परत कामाला या असं त्या फोनमध्ये म्हणू नका. त्या शेजारच्या बिल्डिंगमध्येच आहेत, साडेअकराच्या सुमाराला दोन घरांच्या मध्ये अर्धा तास मोकळ्या असतील, बहुतेक जिन्यात बसलेल्या सापडतील.